घडीभराची घडी

(पडदा काळा. फक्त आवाज: हँगर खडखडतो, मग ‘टक्’, मग ‘बीप’.)

कपड्यांच्या दुकानात रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे तीन आवाज ओळखता येतील. रांगेतून आपल्याला दिसतो तो कॅशिअरचा चेहरा आणि स्क्रीनवर वाढत जाणारा आकडा. आम्ही कॅमेरा जरा खाली घेतला, हातांच्या उंचीवर.

(दृश्य: टी-शर्ट काउंटरवर येतो.)

आधी हँगर निघतो. नीट बघा, तो गळ्यातून ओढलेला नाही. खालून हात घालून अलगद बाहेर काढलाय. गळ्यातून ओढला की विणीचा कपडा सैल पडतो, आणि सैल पडलेला गळा परत जागेवर येत नाही. मग कपड्यावरून तळवा फिरतो. बटण तुटलंय का, शिवण उसवलीय का, कुठे डाग आहे का. दोन कपड्यांचा सेट असेल तर दोन्हींची साइझ एकच आहे ना, कारण ट्रायल रूममध्ये अदलाबदल होते. हे सगळं चालू असताना कॅशिअर ग्राहकाला विचारतेय, ‘पिशवी लागेल का?’

(दृश्य: टॅग, अगदी जवळून. संथ गती.)

आता हा चोरी रोखणारा कडक प्लास्टिकचा टॅग. प्रत्यक्षात हे पापणी लवते तेवढ्यात उरकतं, म्हणून मुद्दाम संथ केलंय. टॅगच्या पोटात एक निमुळती वाटी असते. तिच्यात पोलादाच्या बारीक गोळ्या, बहुतेक टॅगांत तीन, आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. पिन आत गेली की गोळ्या तिला आवळतात. ओढाल तेवढी पकड घट्ट होते. म्हणूनच जोर लावला तर आधी कापड फाटतं. काउंटरमधल्या या गोल खळग्याखाली जोरदार चुंबक आहे. टॅगचं टोक त्यात टेकवलं की चुंबक गोळ्यांना खेचून घेतो आणि पिन मोकळी होते. टक्.

पुढचं काम बोटांचं. पिन सरळ उपसायची. तिरकी गेली की धागा वर येतो. डावा अंगठा बघा, पिनेच्या बुडाशी कापड कसं दाबून धरलंय. कुणी शिकवलं असेल किंवा नसेल, पण एखादा स्वेटर हातून खराब झाला की हे आपोआप येतं म्हणतात. पिन लगेच वेगळ्या ट्रेमध्ये. आणि एक बोट पुन्हा आतल्या शिवणीवरून जातं: दुसरा टॅग तर नाही? तो राहिला तर दारात भोंगा वाजतो. चूक काउंटरवरची, पण सगळं दुकान बघतं ते ग्राहकाकडे.

(दृश्य: स्कॅनरचा लाल प्रकाश लेबलवरून सरकतो.)

बीप. या रेघांची, म्हणजे बारकोडची, सुरुवात वाळूत झाली. मायामीच्या किनाऱ्यावर बसलेल्या नॉर्मन जोसेफ वुडलँड यांच्या डोक्यात तारेच्या मोर्स लिपीतली टिंबं आणि रेघा घोळत होत्या. त्यांनी बोटं वाळूत रोवली, स्वतःकडे ओढली आणि समोर उभ्या रेघा उमटल्या. जाड रेघ, बारीक रेघ, तीच खूण. वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना पेटंट मिळालं १९५२ साली. दुकानाच्या काउंटरवर आजच्या धाटणीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय इथे. तेरा आकडी बारकोडातला शेवटचा आकडा फक्त ताळा जुळवण्यासाठी असतो.

बीपमुळे आणखी एक गोष्ट मोजता यायला लागली: कॅशिअरचा वेग. कोणत्या काउंटरवर किती वेळात किती वस्तू गेल्या, हे यंत्र सांगतं.

घडीचा मात्र बीप होत नाही.

(दृश्य: वरून. दोन हात, एक शर्ट. आवाज फक्त कापडाचा.)

शर्ट पालथा. एक बाही आत, दुसरी आत. खालची बाजू वर, पुन्हा एकदा वर, आणि उलटला की कॉलर समोर. टिकल्यांचं काम असेल तर कपडा उलटा करून घडी, नाहीतर टिकल्या शेजारच्या कपड्याचे धागे ओढतात. जीन्स तळाला, शर्ट वर. रांग लांबली तरी या घडीला लागतो तो वेळ लागतोच.

(दृश्य: कागदी पिशवी झटक्यात उघडते.)

पिशवी काउंटरवर आपली आपण उभी राहते, म्हणून कॅशिअरचे दोन्ही हात मोकळे. हे चपटं बूड पूर्वी हातानं घडत. पिशव्यांच्या कारखान्यात राबलेल्या मार्गारेट नाइट यांनी त्याचं यंत्र बनवलं. त्यांचा नमुना पाहिलेल्या एकानं ते स्वतःच्या नावावर करायचा प्रयत्न केला. नाइट झगडल्या, जिंकल्या, आणि १८७१ साली पेटंट त्यांच्या नावावर झालं. घडीचं काम करणाऱ्या बाईला त्याचं श्रेय मिळाल्याचा एक तरी दाखला आहे, तो इथे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

(दृश्य: प्रिंटरमधून बिल सरकत येतं.)

शाई नाही, कागद उष्णतेनं काळा होतो. त्या कागदातल्या बिस्फेनॉल ए या आरोग्याला अपायकारक मानल्या जाणाऱ्या रसायनावर युरोपियन युनियननं जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातलीय. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, मनगटं धरतात, आणि या काउंटरमागे खुर्ची नाही.

(दृश्य: रांग संपलेली. अर्धे दिवे बंद.)

उरलेले हँगर ती दांडीवर लावतेय, सगळ्यांचे हूक एकाच दिशेला. कोपऱ्यात कुणीतरी ऐन वेळी नको म्हणून टाकून गेलेला स्कर्ट. तिनं उचलला, झटकला.

(निवेदन नाही. स्कर्टची घडी पूर्ण होईपर्यंत शॉट धरून ठेवणे. मग ट्रेमधल्या पिना डब्यात ओतल्याचा आवाज.)