भंगारातून उडालेली विमानं

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझी सगळी नोकरी लेथवर गेली. मशीन कुरकुरलं की आधी कान लावायचा, पाना मग उचलायचा, ही तिथली शिकवण. जुन्या विमानांची ओढ मला लागली तीही या कानांमुळेच.

आता खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिथली विमानं मी कौतुकानं बघतो. पण जीव अडकलाय तो डकोटात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जुन्या वाहतूक विमानात.

ज्या डीसी-३ वरून डकोटा घडलं, ते पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. डकोटाला दोन इंजिनं. प्रत्येकात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा, फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल मांडलेल्या. विमान उभं राहिलं की तेल उतरून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून माणसं आधी पंख्याची पाती हातानं फिरवतात, एकेक करत, सावकाश. मग स्टार्टर. एक सिलिंडर खोकतो, धुराचा लोट येतो, दुसरा पेटतो, तिसरा, आणि बघता बघता सगळे एका लयीत येतात. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून ज्यानं चालू केलंय, त्याला हा आनंद समजावून सांगावा लागणार नाही.

२७ ऑक्टोबर १९४७ ला काश्मीरच्या बचावासाठी शीख रेजिमेंटचे पहिले जवान श्रीनगरला उतरले ते डकोटांतूनच.

पण मला आज सांगायचंय ते लिबरेटरबद्दल. चार इंजिनांचं हे अवजड बॉम्बफेकी विमान. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर कानपूरला, चकेरीच्या तळावर टाकून दिली. कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडली. इंजिनांत वाळूसुद्धा ओतली. बेअरिंगमध्ये चिमूटभर कीस गेला तर आमची अख्खी पाळी वाया जायची. इथे तर वाळू! तरीही बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगातून चांगली धडं निवडली, एकाचा भाग दुसऱ्याला जोडला, जेमतेम उडण्याइतकं दुरुस्त केलं आणि तशीच ती विमानं उडवत बंगळूरला नेली. तिथे त्यांची पुरती डागडुजी झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली ती याच विमानांवर. १९६८ पर्यंत ही विमानं सेवेत होती. १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनली होती. आज जगात मोजकीच उरलीत, आणि अमेरिकेतली, ब्रिटनमधली काही आपल्याकडून गेलेली आहेत. ज्यांना मोडून टाकलं होतं, तीच टिकली.

त्यातलं एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. निवृत्तीनंतर मी मुद्दाम गेलो. पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या रांगा बघत शेपटापर्यंत चालत गेलो. त्यातला कुठला रिव्हेट परदेशात ठोकला आणि कुठला बंगळूरला, ते मला ओळखता आलं नाही. फार बरं वाटलं.

पालमचं लिबरेटर आता उडत नाही. पण त्याची इंजिनं आणि डकोटाची इंजिनं एकाच घराण्यातली, आणि डकोटा उडतं. भंगारात निघालेलं एक डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये आपल्या हवाई दलात आलं. त्याचं नाव परशुराम. शेपटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे, श्रीनगरच्या त्या मोहिमेतल्या डकोटाचा.

हवाई दलाच्या कार्यक्रमात परशुराम दिसणार असेल, तर मी टीव्हीचा आवाज वाढवतो आणि घरातला पंखा बंद करतो. निवेदक बोलायचा थांबला की तेवढ्या दोन-चार सेकंदांत ती अठ्ठावीस सिलिंडरं ऐकू येतात.