दुधीला छोल्याचा वास

नमस्कार मंडळी. गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी आच कमी करा आणि मग ऐका, कारण आज फोडणीबद्दल बोलणार आहे आणि ऐकता ऐकता तुमची मोहरी जळली तर शिव्या मला पडतील.

तर आमच्या घरी डबा मी करतो. बायकोची ड्युटी पहाटेची, ती साडेपाचला बाहेर, मग माझा आणि पोरीचा असे दोन डबे भरून मला सात बावन्नची लोकल गाठायची असते. सुरुवातीला मी काय करायचो, भाजी कुठलीही असो, कांदा, टोमॅटो, आलं-लसूण पेस्ट, हळद, तिखट, धणेपूड, जिरेपूड आणि वरून रेडिमेड गरम मसाला, म्हणजे घरात जे जे आहे ते सगळं, कारण मला वाटायचं जेवढे मसाले जास्त तेवढी भाजी भारी. एक दिवस ऑफिसात डबा उघडला तर बाजूचा म्हणतो, काय रे, आज परत छोले?

दुधी होता.

आईला फोन केला. आईने आयुष्यभर नोकरी लोकलने केली, त्यामुळे तिची उदाहरणं पण तिथलीच. म्हणाली, अरे तिघांच्या सीटवर चौथा टेकतो ते समजू शकते, तू सात-आठ जण बसवतोयस, कोणाला धड बसता येणारे का? दुधीला जिरं आणि हिरवी मिरची, बास, फार तर मूठभर चणाडाळ आणि ओलं खोबरं. तसं केलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की दुधीला स्वतःचा वास असतो.

तेव्हापासून मी जोड्या लावतो. भाजी एक, मसाले दोन, तिसरा आला तर पाहुणा म्हणून.

सगळ्यात जुनी जोडी मोहरी-हिंग. ही आपण इतकी डोळे झाकून करतो की तिच्यात काय चाललंय ते बघतच नाही. मोहरी तडतडते कारण दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर येते. आणि गंमत म्हणजे तापलेल्या तेलात तिचा झणका मरतो, राहतो तो खमंगपणा. तोच दाणा पाणी घालून फेसला, आपण लोणच्याला मोहरी फेसतो ना तशी, तर सरळ नाकात जाऊन डोळ्यांत पाणी. म्हणजे दाणा एकच, पण तेलात गेला तर एक माणूस आणि पाण्यात गेला तर दुसराच. हिंगाचं पण तसंच, कच्चा हुंगला तर पोरं नाक दाबून पळतात, तेलात पडला की लसणीच्या जवळ जातो, म्हणून तर कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत वरण-आमटीची सगळी भिस्त त्याच्यावर. आणि एवढा आपला वाटणारा हिंग येतो मुख्यतः अफगाणिस्तान-इराणकडून, भारतात त्याची लागवड करून बघायला सुरुवात झाली ती 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. बरं, पुडीत मिळतो तो बांधानी हिंग, त्यात पीठ आणि गोंद मिसळलेला असतो, म्हणून एखाद्या कंपनीचा चिमूटभर पुरतो आणि एखाद्याचा अर्धा चमचा घातला तरी पत्ता लागत नाही, तर नवीन डबी आणली की आधी वरणावर ट्राय करा.

दुसरी जोडी उपासाची, जिरं आणि दाण्याचं कूट. साबुदाण्याची खिचडी, काकडीची खमंग कोशिंबीर, बटाट्याची भाजी, सगळीकडे हीच दोघं आणि हिरवी मिरची, हळद नाही. मी तर उपास नसताना पण करतो, दहा मिनिटांत भाजी होते आणि पोरगी डबा चाटून आणते.

मग गवार आणि ओवा. गवार वातूळ म्हणून ओवा घालतात असं आई सांगते, ते खरंच असेल, पण मला विचाराल तर गवारीला जो एक उग्र हिरवट वास असतो त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत ओव्यातच आहे. चिमूटभरच हं, हातावर चोळून, जास्त झाला तर भाजी ओव्याच्या अर्कासारखी लागते, केलंय मी तेही. लाल भोपळ्याला मात्र मेथीदाणे. पाच-सहा दाणे तेलात तांबूस होईपर्यंत, काळे नाही, आणि शेवटी गुळाचा खडा, कडू-गोड असं जे लागतं त्याला तोड नाही. भोपळा बघून तोंड वाकडं करणाऱ्यांनी एकदा हे खाऊन बघावं.

आता तिरफळ, म्हणजे माशाच्या कालवणात घालतात ते कोकणातलं वाळवलेलं फळ. ह्याच्यावर जरा जास्त बोलणार, कारण इथे माझी पुरती फजिती झालेली आहे. सासर मालवणकडचं, सासूबाईंनी गावाहून तिरफळांची पुडी दिली, बांगड्याचं तिखलं कर म्हणाल्या. मी सवयीने भरपूर आलं-लसूण घातलं, तिरफळं मिक्सरमधून बियांसकट काढली आणि पहिल्यापासून उकळत ठेवली. खाताना दाताखाली कचकच आणि चव म्हणाल तर कुठल्याच गावची नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ताटातला बांगडा ह्या बाजूचा त्या बाजूला केला. नंतर समजलं की तिरफळाचं फक्त टरफल घ्यायचं, आतली काळी बी टाकून द्यायची, टरफल जरासं ठेचून शेवटी शेवटी घालायचं, आणि लसूण तर लांबच ठेवायची, कारण तिरफळाची जोडी आमसुलाशी. लाल मिरची-हळदीचं वाटण, आमसुलं, तिरफळं, उतरवताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल. बांगडा, तारली असे तेलकट मासे असले की जिभेला जी हलकी झिणझिणी येते ना, ती तिरफळाची. चिनी जेवणातली ती जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी ह्याचीच नातेवाईक आहे, आपली कोकणातली चुलत बहीण म्हणा.

गोड्या मसाल्याबद्दल मी पुणेकरांशी वाद घालत नाही, पण एवढं सांगतो, तो एकटा घालून उपयोग नाही, चिंच-गूळ समोर असल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. त्यात जे दगडफूल असतं ते फूल नाहीच मुळी, दगडावर-झाडावर वाढणारं, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात तसलं काहीतरी. डब्यात हुंगलं तर जुन्या पुस्तकासारखं आणि तेलात पडलं की सगळी बिल्डिंग विचारते आज आमटी का.

आणि मुंबईत राहून लालबागची मिरची गल्ली बघितली नसेल तर एप्रिल-मेमध्ये नक्की जा, रुमाल घेऊन जा. बायका पिशव्या भरून मिरच्या घेतात, कोणाची बेडगी, कोणाची संकेश्वरी, कोणाची पांडी, खडा मसाला भाजून घेतात आणि डंकावर कुटायला रांग लावतात, नंबर येईपर्यंत तिथेच बसून कोणाच्या मसाल्यात काय किती ह्याची चौकशी. इथे पण जोडीच बघा, रंगाला बेडगी आणि तिखटपणाला दुसरी, एकटी बेडगी घातली तर रस्सा लालभडक दिसतो आणि खाणारा म्हणतो मिरची विसरलात काय. ही बेडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, 2011 मध्ये तिला जीआय टॅग, म्हणजे ती त्याच भागाची असल्याचा सरकारी शिक्का, मिळाला. आणि जिच्यावर एवढा जीव टाकतो ती मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. आता मिरीला कोण विचारतं, सर्दी झाली की आठवण.

एकाच शहरात मसाले तरी किती! आगरी-कोळ्यांचा वेगळा, पाठारे प्रभूंचा परभी सांबार वेगळा, वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन लोकांचा बॉटल मसाला तर बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायची पद्धत, म्हणून नावच ते. आता तुम्ही म्हणाल त्यात वीस-पंचवीस जिन्नस असतात, मग तुझ्या दोनाच्या जोडीचं काय? बरोबर आहे, पण ते सगळे वर्षभर एका बरणीत राहून एकजीव झालेले असतात, त्यांना मी एकच धरतो. म्हणून मालवणी मसाला घातला की वरून गरम मसाला नको. आणि बरणीत वर हिंगाचे दोन-चार खडे ठेवा, मसाल्याला पोरकिडे लागत नाहीत.

चला, वेळ संपत आला. उद्याच्या डब्याला गवार आहे, पोरगी घरी शेंगा मोडत बसलीये, आणि बोलता बोलता आत्ता आठवलं, ओवा संपलाय. स्टेशनबाहेरचं दुकान दहापर्यंत उघडं असतं. निघतो, नमस्कार.