सॉर्ट केलं आणि लिस्टच पळाली! लिस्पमधल्या लिस्टची गंमत

नमस्कार मंडळी! आज थेट माझ्या फजितीपासून सुरुवात. कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत एक लिस्ट होती: ३, १, २. तिच्यावर सॉर्ट चालवलं, समोर आलं १, २, ३. झकास! पुढच्याच ओळीत तीच लिस्ट पुन्हा छापली, तर आत फक्त ३. अर्धा तास मी कंस मोजत बसलो. लिस्पवाल्यांचा पहिला संशय कायम कंसांवरच असतो.

[स्क्रीनवर: (सॉर्ट आकडे #'<)]

लिस्पची लिस्ट म्हणजे जोडलेल्या डब्यांची गाडी. प्रत्येक डब्याला, म्हणजे कॉन्सला, दोन खण. एकात माल, तो कार. दुसऱ्यात पुढच्या डब्याचा पत्ता, तो कुडर. नावं विचित्र आहेत ना? ती आयबीएम ७०४ या मशीनवरून आली. जॉन मॅकार्थींची लिस्प पहिल्यांदा त्याच मशीनवर चालली. कारमधला 'ए' ॲड्रेसचा, कुडरमधला 'डी' डिक्रिमेंटचा. मशीन कधीच इतिहासजमा झालं, नावं मात्र आपण अजून घोकतोय.

तर सॉर्ट नवे डबे बनवत बसत नाही. जुन्याच डब्यांची कपलिंगं सोडून पुन्हा जोडतं. माझं व्हेरिएबल ३ च्या डब्यात बसलेलं, आणि तो डबा गेला गाडीच्या शेवटी! त्याच्यापुढे काहीच नाही, मग दुसरं काय दिसणार? म्हणून सॉर्टचं उत्तर सेटएफने परत व्हेरिएबलमध्ये ठेवा. मूळ क्रम हवा असेल तर आधी कॉपी-लिस्ट.

मॅपकार त्यामानाने गुणी बाळ. तुम्ही त्याच्या हातात एक फंक्शन देता, ते प्रत्येक डब्यातला माल त्या फंक्शनमधून काढतं आणि उत्तरांची नवी गाडी बनवतं. जुनीला हात लावत नाही. फंक्शनआधी हॅश आणि अवतरणचिन्ह लागतं, कारण कॉमन लिस्प फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं वेगळ्या वह्यांत लिहिते. स्कीम या लिस्पच्याच दुसऱ्या बोलीत वही एकच, तिथे ही कटकट नाही.

[स्क्रीनवर: (मॅपकार #'+ '(१ २ ३) '(१० २०))]

उत्तर ११ आणि २२. दोन गाड्या दिल्या की जोडीजोडीने बेरीज होते. दुसरी गाडी दोन डब्यांतच संपली, म्हणून पहिलीचा तिसरा डबा गुपचूप गळला, एरर नाही की वॉर्निंग नाही.

आता खरी मेख. रिमूव्ह-इफ, म्हणजे अटीत बसणारा माल वगळून उत्तर देणारं फंक्शन, तेसुद्धा मूळ लिस्ट बदलत नाही, पण त्याच्या उत्तरात मूळ लिस्टचेच शेवटचे डबे असू शकतात. काढण्यासारखं काही नसलं तर अख्खी गाडीच तीच! अशा उत्तरावर बिनधास्त सॉर्ट चालवलं, की तिकडे मूळ लिस्ट विस्कटते. मग बसा पुन्हा कंस मोजत.