साडेनऊ तास, कधी साडेदहा

(दृश्य: वर्सोवा किनारा, सकाळ, ओहोटी. वाळूत क्रिकेट. मागे होड्या.)

मुंबईतला वर्सोवा किनारा. समुद्राच्या तळाशी हजारो किलोमीटर अंथरलेल्या इंटरनेटच्या केबल ज्या मोजक्या जागी भारतात जमिनीवर येतात, त्यातली ही एक. कॅमेऱ्याला केबल दिसत नाही. दिसतात होड्या आणि स्टंप रोवणारी पोरं. पण परदेशातल्या कंपनीसाठी इथे बसून सॉफ्टवेअर लिहायचं, तर लिहिलेलं अशाच एखाद्या किनाऱ्यावरून जाणार. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट अडखळलं, तेव्हा बऱ्याच जणांना ही वाळू पहिल्यांदा आठवली.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टेपची चक्रं, पंचकार्डांचे गठ्ठे.)

हे काम मात्र केबलपेक्षा जुनं आहे. साल १९७४. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सूत्रं फकीरचंद कोहली यांच्याकडे होती. अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम आलं. रुग्णालयाची एक माहिती प्रणाली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती, ती त्यांच्याच लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये आणायची. मुंबईत हाताशी होतं ब्रिटिश बनावटीचं आयसीएल १९०३ हे यंत्र. म्हणजे प्रोग्राम एका यंत्राचा आणि तो लिहायचा भलत्याच यंत्रावर. तरी सगळं काम मुंबईतच झालं. ज्याच्यावर चालणार ते समोर नाही, ज्याला वापरायचंय तो समोर नाही: या धंद्याची अडचण पहिल्याच कामात पुरती कळली होती.

१९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. मग माणसंच अमेरिकेला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं आणि उपग्रहाची लिंक घेतली. १९९० मध्ये सरकारने पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वरला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभे केले. तिथून कंपन्यांना मिळे ती चौसष्ट केबीपीएसची लिंक. आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या लिंकवरून पाठवायचा, तर सहा मिनिटं लागतील. तेव्हा तेवढ्यावर अख्खी कंपनी चालायची, आणि लोक खूश होते.

तारांचा प्रश्न असा हळूहळू सुटत गेला. घड्याळाचा सुटलेला नाही.

(दृश्य: हिंजवडी, शिवाजी चौक, संध्याकाळची कोंडी. मग ऑफिसातला चौथा मजला. संगणकांचे पडदे धूसर केलेले.)

ही टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विमा कंपनीचं काम करते. नाव सांगायचं नाही, पडदे दाखवायचे नाहीत, या अटीवर आम्हाला आत सोडलं.

खिडकीजवळ बसलेली ती टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, काय करतेय ते बघा. घरी निघायच्या आधी ती रोज हे लिहिते. कुठला बिल्ड (सॉफ्टवेअरची आवृत्ती), कुठली पायरी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, लॉग (यंत्राने ठेवलेली नोंद) कुठे ठेवलाय. लिहायला पंचवीस मिनिटं सहज जातात. नुसतं ‘पेमेंट अडकतंय’ असं लिहून निघून गेली, तर सकाळी उत्तर येईल, ‘कुठलं पेमेंट?’ एका प्रश्नाला एक दिवस गेला. त्यातून दोन उपप्रश्न निघाले की आठवडा संपला. शुक्रवारी संध्याकाळी उशिरा विचारलं तर विचारूच नका. आपला सोमवार उजाडतो तेव्हा तिकडे अजून रविवारची रात्र असते.

तारीख लिहितानाही महिना अक्षरात, हा इथला नियम. ०३/०४ म्हटलं की पुण्यात तीन एप्रिल आणि बोस्टनमध्ये चार मार्च. विम्याच्या हप्त्यात हा फरक महाग पडतो.

(दृश्य: कीबोर्डवर बोटं. पडद्यावर अक्षर किंचित उशिरा उमटतं.)

हा उशीर कॅमेऱ्याचा नाही. खरा संगणक अमेरिकेत आहे, इथे दिसतो तो त्याचा पडदा. खऱ्या ग्राहकांची माहिती इकडे येत नाही, नावं-नंबर झाकलेला डेटा येतो. ते योग्यच आहे. पण बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, येतो तो खऱ्या डेटावर, आणि शोधायचा झाकलेल्यावर. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या या गृहस्थांना धरावं लागतं. हे ऑनसाइट कोऑर्डिनेटर, तिकडे ग्राहकाजवळ बसणारा टीमचा माणूस. दिवसा तिकडच्यांचे प्रश्न, रात्री इकडच्यांचे.

(दृश्य: भिंतीवर तीन घड्याळं. मीटिंग रूम भरते.)

साडेसहा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. आज अंतर साडेनऊ तासांचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की झालं साडेदहा. लंडनची घड्याळं त्याच्या आठवडाभर आधीच हललेली असतात, आणि मार्चमध्ये उलट, अमेरिका आधी, लंडन दोन-तीन आठवड्यांनी. त्या दिवसांत तीन ठिकाणच्या मीटिंगा कॅलेंडरवर एकमेकींच्या अंगावर चढतात. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. हलते ती आपली संध्याकाळ. ज्यांचा ग्राहक कॅलिफोर्नियात, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेदहा.

(दृश्य: फाटकाजवळ कॅब. पुढच्या सीटवर सुरक्षारक्षक.)

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, सुरक्षा हवी, घरापर्यंत गाडी हवी. ही ती गाडी.

या वेळांची किंमत: झोप, पाठ, घरातलं जेवण, राजीनामे. कुणी सोडून गेलं की तीन महिन्यांच्या नोटिशीत केटी, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याच्या हाती देणं, उरकायची.

(दृश्य: जिन्यात उभी टीम लीड, मोबाइलवर व्हिडिओ कॉल. निवेदन नाही. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

(दृश्य: पांढरा फळा, त्यावर बुधवारांची यादी.)

या टीमने ग्राहकाकडे एक मागणी केली. आठवड्याची मीटिंग आळीपाळीने घेऊ या. एकदा आम्ही थांबतो, एकदा तुम्ही लवकर उठा. बरीच ईमेल झाली. दर महिन्याचा पहिला बुधवार मिळाला: तिकडे सकाळी सात, इथे दुपारी साडेचार. आमचं चित्रण तिसऱ्या बुधवारचं आहे, म्हणून खोलीत दिवे लागलेले दिसतात. नोव्हेंबरात साडेसहाचे साडेसात होतील. तेव्हा दुसरा बुधवारही मागायचा, असं टीम लीडने आत्ताच ठरवलंय.