ठेक्यावरचं काम सुटलं? आधी तुमचे 78 दिवस मोजा

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतली पोरं मला एकच गोष्ट विचारतात, "दादा, आपण टेम्पररी. आपल्याला कुठला बेकारी भत्ता?"

ही स्लिप बघा, माझ्या मावसभावाची. पगार 14,000. कपातीत ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 105 रुपये. म्हणजे पाऊण टक्का. यात दवाखाना आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण याच पैशात काम सुटल्यावरचा भत्ताही आहे! अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासूनची.

ईएसआयचा कायदा पर्मनंट की टेम्पररी हे बघत नाही. पगार 21,000 पर्यंत असला की ठेकेदाराचा माणूसही विमेदार. इथे बघतात ते दिवस. विमा दोन वर्षांचा हवा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाह्या धरतात. काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एकीत तेवढीच.

पैसे किती? सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. रोज 500 पडत असेल तर 250 प्रमाणे 22,500 होतात. घरभाडं आणि किराणा तरी निघतो ना!

आता मावसभावाचं काय झालं ते ऐका. कंपनी तीच, मशीन तीच, फक्त ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुना आयपी नंबर, म्हणजे विमेदाराचा नंबर, विचारलाच नाही, सरळ नवीन काढला. अर्धे दिवस एका नंबरवर, अर्धे दुसऱ्यावर. पोरगा रोज कामावर होता, कागदावर मात्र नवखा. म्हणून हात जोडून सांगतो, ठेकेदार बदलला की पहिल्याच दिवशी जुना नंबर त्याच्या हातात द्या. ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या, वेबसाइटवर आपले दिवस दिसतात, ते अधूनमधून बघत जा. ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही, तर ती भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे कायद्यात आहे, बेधडक विचारा.

स्वतःहून काम सोडलं, बेकायदा ठरवलेला संप किंवा टाळेबंदी असली, गैरवर्तनावरून काढलं, तर भत्ता नाही. त्यामुळे हिशेब देताना ठेकेदार "राजीनाम्यावर सही कर" म्हणाला, तर कागद वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

काम सुटून 30 दिवस झाले की अर्ज करता येतो. तो थेट ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात देता येतो, ठेकेदाराच्या मागे फिरावं लागत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे, म्हणून आधी खिडकीवर सध्याची तारीख विचारा. जाताना आधार आणि बँकेचं पासबुक सोबत असू द्या.