पुस्तकांची आगोट

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या जिल्ह्याचा ग्रंथोत्सव परवा संपला. मांडव उतरला, स्टॉलवाल्यांनी उरलेली पुस्तकं पुन्हा खोक्यांत भरली आणि मैदानात आता खांबांचे खड्डे तेवढे राहिलेत. उत्सव संपल्यावर तिथून चक्कर मारायची मला जुनी खोड आहे. कुठल्या स्टॉलसमोरची माती जास्त तुडवली गेली, ते बघून घेतो. यंदाही पंचांगं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जिथे होती तिथली माती सर्वांत घट्ट झाली होती. कवितेच्या स्टॉलसमोर गवत अजून ताठ होतं.

मी बोलतोय तो किनाऱ्यावरच्या एका गावातल्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. आमचं वाचनालय 'ड' वर्गातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेत. 'ड' वर्ग म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला पाहुणा. वाढप त्याच्यापर्यंत येईतो भात निवलेला असतो. पण जेवायला मिळतं, तक्रार नाही.

तर ग्रंथोत्सव. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी असते, गाथा असते, संविधानाची प्रत असते. पुढे लेझीम, मागे नऊवारी नेसलेल्या शाळकरी मुली, त्यांच्या मागे घड्याळाकडे बघणारे शिक्षक. मला ही दिंडी मनापासून आवडते. खांद्यावरून पुस्तक मिरवणारे लोक जगात फार नसतील. मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग भाषणं. भाषणात एक यादी येतेच येते. केशवसुतांचं मालगुंड, विंदांचं धालवली, पाडगावकरांचं वेंगुर्ला, साने गुरुजींचं पालगड, बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले. ही यादी आपल्याकडे आरतीसारखी म्हटली जाते, आणि आरतीला उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष जसं प्रसादाकडे असतं, तसं श्रोत्यांचं चहाकडे असतं. यादी खोटी नाही, अभिमानाचीच आहे. पण कुडाळला खाणावळ चालवता चालवता कविता लिहिणारे खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, त्यांचं पुस्तक आमच्या कपाटातून शेवटचं कधी बाहेर गेलं होतं हे रजिस्टरात पाहिलं, आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

आज मला सांगायचंय ते वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वीच्या ग्रंथोत्सवात आमच्या वाचनालयाला एक टेबल मिळालं होतं. डिसेंबरचे दिवस, दुपारची वेळ. मासे विकून रिकामी टोपली काखोटीला मारून एक बाई आल्या. पुस्तकं हातात घेऊन नाव न वाचता नुसतं वजन बघत होत्या. मी विचारलं, "ताई, काय हवंय?"

"पावसाला पुरेल असं कायतरी जाडजूड द्या."

शेजारचा स्टॉलवाला हसला. म्हणाला, "पावसाला अजून सहा महिने आहेत."

त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पण पावसाच्या तोंडावर तुम्ही कुठं येता?"

श्रोतेहो, त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला आगोट काय ते सांगायला नको. घाटावरचे कुणी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. मृग लागायच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची, तिला आम्ही आगोट म्हणतो. सुकट, सोडे, बोंबील, खारवलेले बांगडे. आमसुलं, आंब्याची साठं, फणसपोळी, सांडगे, कुळथाचं पीठ. लाकडं फोडून पडवीत रचायची, कौलं परतून घ्यायची, पावसाच्या बाजूला झापं बांधायची. एकदा तो धरला की आठ-आठ दिवस उघडत नाही. ओहोळाला पाणी येतं, बाजाराला जाणं होत नाही. मग घरात जे भरलं असेल त्यावरच दिवस काढायचे.

आणि दिवस तर मोठे असतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, जाळी विणून झाली की हाताला काम नाही. शेतकऱ्याची लावणी आटोपली की त्यालाही उसंत. दुपारी तीनला दिवा लावावा लागतो आणि लावला की लाईट जाते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक आहे, वाचकाचा वेळ वाचवा. रंगनाथन होते मद्रासचे. आषाढात ते आमच्या वाडीत राहिले असते, तर म्हणाले असते, वाचकाचा वेळ जाईल असं काहीतरी द्या!

बरं, पावसात वाचण्याची चाल आपल्याला नवी नाही. श्रावणात घरोघरी पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणारी सगळी वाडी. अर्थ सांगणारा तिसराच कुणीतरी, आणि त्याच्या अर्थाला हरकत घेणारा एक म्हातारा कोपऱ्यात बसलेला. ज्यांना अक्षर येत नव्हतं तीही माणसं त्या चार आठवड्यांत एक अख्खा ग्रंथ पुरा करायची आणि वर्षभर त्यातल्या ओव्यांवर वाद घालायची. वाचनसंस्कृती हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता.

म्हणजे आपला वाचणारा हंगाम पावसाळ्याचा, आणि पुस्तकांची जत्रा भरते थंडीत. का? कारणं साधी आहेत. थंडीत मांडव भिजत नाही. शाळा चालू असतात, दिंडीला मुलं मिळतात. आणि तिसरं कारण व्यासपीठावरून कुणी बोलत नाही, ते म्हणजे मार्चअखेर. निधी त्याआधी खर्ची पडायला हवा. सरकारी कॅलेंडर आणि मृग नक्षत्र यांची कधी गाठ पडलेली नाही.

माझं म्हणणं असं, की कोकणातला पुस्तकांचा उत्सव वैशाखात व्हावा. एप्रिलच्या शेवटी सुरू करावा, तारीख तर तयारच आहे. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन, युनेस्कोने १९९५ मध्ये ठरवलेला. त्यामागे स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतातली रीत आहे. तिथे या दिवशी एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात, रस्त्यावर पुस्तकांची दुकानं मांडतात. आपण गुलाबाच्या जागी अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, देऊ, त्यात काय!

मी हे एका बैठकीत बोललो तेव्हा तीन हरकती आल्या. पहिली, आंबा. मे महिन्यात बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, तो उत्सवाला कुठून येणार? हरकत खरी आहे. मी स्वतः पेट्या भरायला उभा राहिलेलो आहे. पण त्याच दिवसांत लग्नं होतात, पूजा होतात, वाडीतली नाटकं होतात, आणि तिथे बागायतदार पहिल्या रांगेत असतो. शिवाय मेमध्ये मुंबईचे चाकरमानी गावात असतात. हातात चार पैसे घेऊन आलेला आणि दुपारी करायला काही नसलेला असा दुसरा गिऱ्हाईक वर्षभरात सापडायचा नाही.

दुसरी हरकत, उन्हाळा. उत्सव संध्याकाळी पाचला सुरू करा, खारा वारा सुटतो.

तिसरी मात्र मला गप्प करून गेली. शाळा बंद, मग दिंडीत कोण चालणार? मी नंतर रात्री त्याचा विचार केला. मुलं नसली तर दिंडी निघत नाही, याचा अर्थ आपण मोठी माणसं आपल्या पायांनी पुस्तकामागे चार पावलंही जात नाही, इतकाच होतो ना? मुलांना युनिफॉर्ममध्ये आणून गर्दी दाखवायची हे आता पुरे झालं. सुट्टीत जी पोरं आपणहून येतील ती येतील. कैऱ्या पाडून आलेली, गुडघे फुटलेली पोरं. त्यांच्या हातात पुस्तक बघायला मला जास्त आवडेल.

आता चौथी हरकत मी स्वतःच घेतो, कारण ती ग्रंथपालाची आहे. पावसाच्या तोंडावर घरात पुस्तकं भरायची, आणि पाऊस तर पुस्तकाचा वैरी. ही गोष्ट आम्हा कोकणातल्या वाचनालयांना वेगळी सांगायला नको. आपल्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. बाळशास्त्रींचं 'दर्पण' निघालं १८३२ मध्ये. म्हणजे मराठीत पहिलं वृत्तपत्र निघायच्या चार वर्षं आधी या गावात वाचनालय होतं. जवळजवळ दोनशे पावसाळे! चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तिथली पुस्तकं पाण्यात गेली. २००५ च्या पुरानेही त्या वाचनालयाला सोडलं नव्हतं. ज्याने भिजलेलं पुस्तक हातात धरलंय त्यालाच ते किती जड होतं हे कळतं.

तेव्हा जरा कामाचं सांगतो, पेन घ्या हवं तर.

पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकवू नका, हात जाईल एवढी फट ठेवा. पावसाळ्यात कोकणातली भिंत घाम गाळते. खालच्या फळीवर पुस्तकं ठेवू नका, तिथे चपला ठेवल्या तरी चालतील. पुस्तकं दाटून बसवू नका. एक बोट शिरेल इतकी सैल ठेवा, हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधलं की सुरक्षित झालं असं पुष्कळांना वाटतं, पण आत दमट हवा कोंडली तर आठवड्यात बुरशी धरते. आपले आजोबा पोथ्या सुती रुमालात बांधायचे आणि आत वेखंडाची कांडी ठेवायचे, ते उगाच नव्हे. कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर खडखडीत वाळलेला ठेवा. ओला ठेवलात तर तुम्हीच ओल आत नेलीत. कसरीला खळ आवडते, म्हणून पिठाच्या खळीने चिकटवलेली जुनी बांधणी आधी तपासा. आणि सगळ्यांत मोठा उपाय फुकटचा आहे, पुस्तक उघडत जा. रोज हाताळलेल्या पुस्तकाला कसर सहसा शिवत नाही.

भिजलंच तर? उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभं करा, मधे मधे कोरा टिपकागद घाला, तो ओला झाला की बदला. चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर घाई करा. त्याची पानं एकमेकांना चिकटली की मग ती वीट झाली समजा.

हे सगळं सांगून मी मूळ मुद्द्यावर येतो. उत्सवाची तारीख बदलणं माझ्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात आहे त्यांनी माझं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सूचना चांगली आहे म्हणाले. सूचना चांगली आहे असं कुणी म्हणालं की तिचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मग मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत आमच्या वाचनालयात आगोटीचं खातं उघडलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सभासदाने एकदम पाच पुस्तकं न्यायची, नारळी पौर्णिमेनंतर परत आणायची, मधल्या काळात दंड नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, पुस्तकं हरवली तर? मी म्हटलं, कपाटात राहून ती कुठे सापडतायत?

पहिल्या वर्षी मोजकी घरं आली. बहुतेक नेहमीचीच. पण त्या ताईही आल्या, टोपली बाहेर पायरीवर ठेवून. वर्गणी भरली, सभासद झाल्या. पाच पुस्तकं वजन करून निवडली. या वेळी नावंही वाचली, पण वजन केलंच. एक कादंबरी, एक प्रवासवर्णन, एक जुना दिवाळी अंक, एक शिकारकथा आणि, मला आश्चर्य वाटलं, एक कवितासंग्रह. तो पाचांत सर्वांत बारीक होता. मी म्हटलं, "ताई, हे पावसाला पुरायचं नाही."

म्हणाल्या, "हे सासऱ्यांना. त्यांना डोळ्याने दिसत नाही. मी वाचेन, ते ऐकतील. लांबचं असलं की त्यांना झोप लागते."

पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला, होड्या पाण्यात उतरल्या. त्यानंतरच्या आठवड्यात पाचही पुस्तकं परत आली. चार होती तशी होती. कवितांचं मात्र थोडं फुगलं होतं, कोपरे मऊ झाले होते आणि त्याला सुकटीचा घमघमाट येत होता. चुलीवरच्या शिंक्यात ठेवलं होतं म्हणे, तिथे ओल येत नाही म्हणून. नियमाप्रमाणे पुस्तक खराब केल्याचा शेरा मारायला हवा होता. मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वाचून आले'.

ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. वेखंड ठेवून पाहिलं, वाऱ्यावर ठेवून पाहिलं, वास काही गेलेला नाही. नवीन ग्रंथपाल बाई मला विचारत होत्या, हे बाद करायचं का? मी सांगितलंय, मे महिन्यापर्यंत थांबा, कुणीतरी न्यायला येईल.

नमस्कार.