पारो आणि चंद्रमुखी

नमस्कार, श्रोतेहो.

'देवदास' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दारूच्या नशेत झिंगणारा एक तरुण. प्रेमभंग झालेल्या पोराला आपण 'त्याचा पार देवदास झालाय' असं म्हणतोच की! पण आज मला त्याच्याविषयी कमी आणि पार्वती, म्हणजेच पारो, व चंद्रमुखी या दोघींविषयी जास्त बोलायचं आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला दर वेळी जाणवतं, की यात धीराची माणसं या दोघीच आहेत.

पार्वतीचंच बघा. जेमतेम तेरा वर्षांची मुलगी. तिच्या घराण्यात मुलीच्या लग्नात पैसे घ्यायची रीत, त्यात घर अगदी शेजारचं, म्हणून देवदासचे वडील, जमीनदार मुखर्जी, सोयरीक नाकारतात. तेव्हा ही पोर मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते आणि स्वतःसाठी विचारते. घाबरतो तो देवदास! लोक काय म्हणतील, ही चिंता त्याला. वडिलांनी नकार देताच तो कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून तिला तोडणारं पत्र धाडतो. पुढे पस्तावून परत येतो खरा, पण तोवर तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं, आणि आता पार्वती मान वाकवत नाही. मग तो हातातली गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो. या घावाला कुणी प्रेमाची खूण म्हटलं, की मला त्रास होतो. ती वळ उठवणारी मारहाण आहे, आणि शरच्चंद्रांनी ती लपवलेली नाही.

चंद्रमुखी वेगळी. ती कलकत्त्यातली एक गणिका. देवदास तिचा तिरस्कार करतो आणि ती त्याच माणसासाठी आपला व्यवसाय सोडून खेड्यात जाऊन राहते. पुढे त्याला शोधायला पुन्हा कलकत्त्याला येते, रस्त्यात पडलेल्या देवदासला उचलून घरी आणते, त्याची शुश्रूषा करते. कादंबरीत देवदासच एकदा दोघींची तुलना करतो: एक मानी, काही सहन न करणारी, दुसरी शांत, सगळं सोसणारी.

पण या दोघी कादंबरीत एकमेकींना कधीच भेटत नाहीत. आणि सिनेमावाल्यांना नेमकी हीच जागा खुणावत राहिली.

१९३५ मध्ये प्रमथेश बरुआंनी बंगालीत 'देवदास' केला, स्वतःच नायक होऊन. पाठोपाठ हिंदीत आले सैगल. त्या हिंदी चित्रपटाचा कॅमेरा सांभाळला होता बिमल रॉय यांनी. पुढे १९५५ मध्ये त्यांनी स्वतः 'देवदास' दिग्दर्शित केला. दिलीपकुमार देवदास, सुचित्रा सेन पारो, वैजयंतीमाला चंद्रमुखी. त्यात दोघी वाटेवर समोरासमोर येतात. एकमेकींकडे बघतात आणि पुढे जातात. संवाद नाही, ओळख नाही. मला विचाराल तर अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात बोलका क्षण तो. चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. आपली भूमिका दुय्यम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कादंबरी वाचली की ते पटतं.

२००२ मध्ये संजय लीला भन्साळींनी देवदासला विलायतेहून परत आणलं आणि दोघींना चक्क एकत्र नाचवलं. नाच देखणा आहे, ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित दोघी मन लावून नाचल्या आहेत. पण त्या बिनशब्दांच्या नजरेतली हुरहुर मला तिथे सापडली नाही. भेटच झाली, तर हुरहुर कसली उरणार!

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. आजारी देवदास पांडुआ स्टेशनावर उतरतो, बैलगाडीतून पारोच्या सासरी पोहोचतो आणि वाड्यासमोरच्या झाडाखाली प्राण सोडतो. पडद्यावर पारो धावते आणि दार बंद होतं. कादंबरीत तर तिला कळतं तोवर प्रेतही नेलेलं असतं.

शेवटच्या ओळींत शरच्चंद्र म्हणतात, की पार्वतीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. देवदासासाठी मात्र वाचकांनी प्रार्थना करावी. मी ते पान मिटतो तेव्हा माझं मन कलकत्त्यात असतं. तिथे चंद्रमुखी वाट बघत असेल, आणि तिला ही बातमी कोणी कळवली, हे पुस्तकात कुठेच नाही.

नमस्कार.